कलाभवनातला कॅमेरा आणि बावीस वर्षांची वाट

गणपतीचे दिवस आले की प्रत्येक मंडळात कॅमेऱ्याचा विषय निघतोच. मूर्ती मखरात बसते, पहिली आरती होते, आणि हौशी फोटो काढणारा एखादा तरुण म्हणतो, "यंदा एवढ्यावर भागवा. दिवाळीला नवीन कॅमेरा घेणार आहे, मग पुढच्या वर्षी बघा कसे फोटो येतात ते." पुढच्या वर्षी त्याहून चांगले मॉडेल बाजारात आलेले असते. मग तोच संवाद पुन्हा होतो. आम्ही सरकारी नोकरीतली माणसे. 'मंजुरी आल्यावर बघू' हे वाक्य आमच्या अंगवळणी पडलेले, त्यामुळे अशा वाट पाहणाऱ्यांबद्दल आम्हाला आपुलकीच वाटते. पण या तरुणांना एक गोष्ट सांगावीशी वाटते. चांगल्या कॅमेऱ्यासाठी थांबलेल्या एका हौशी माणसाची ही गोष्ट आहे, आणि ती आपल्या बडोद्यात सुरू होते.

त्या माणसाचे नाव धुंडिराज गोविंद फाळके. सगळा देश त्यांना दादासाहेब फाळके म्हणून ओळखतो. भारतीय चित्रपटाचे जनक म्हणून त्यांच्या नावाने १९६९ पासून दिल्लीत पुरस्कार दिला जातो. नाशिक आणि मुंबई ही दोन शहरे त्यांच्यावर हक्काने बोलतात. बडोदेकर मात्र थोडे गप्प असतात. वास्तविक पहिला कॅमेरा त्यांच्या हाती आला तो याच गावात.

फाळक्यांचा जन्म ३० एप्रिल १८७० चा, त्र्यंबकेश्वरचा. वडील दाजीशास्त्री संस्कृतचे विद्वान. मुलाचा ओढा चित्रांकडे, म्हणून १८८५ मध्ये त्याला मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये घातले. पुढे थोरले बंधू शिवरामपंत बडोद्यास होते, म्हणून धुंडिराजही इकडे आले. आपल्यापैकी कितीतरी घराण्यांची बडोद्याची कहाणी अशीच सुरू होते: एक भाऊ आधी आला, त्याचा जम बसला, मग त्याने दुसऱ्याला बोलावून घेतले. ज्या महाराजांच्या राज्यात ते आले ते सयाजीराव गायकवाड तिसरे हेही मूळचे नाशिक जिल्ह्यातले, मालेगावजवळच्या कवळाण्याचे.

त्या काळचे बडोदे डोळ्यांसमोर आणून पाहावे. सयाजीरावांनी १८८१ मध्ये राज्यकारभार हाती घेतला होता. लक्ष्मीविलास राजवाडा १८९० मध्ये पुरा झाला. त्या राजवाड्यासाठी महाराजांनी राजा रविवर्म्यांकडून चौदा पौराणिक चित्रे करवून घेतली. आणि त्याच १८९० साली कलाभवन उघडले. आज महाराजा सयाजीराव विद्यापीठाची अभियांत्रिकी शाखा जिथे आहे, ज्या घड्याळाच्या इमारतीवरून आपण रोज जातो-येतो, त्या परंपरेचे मूळ हे.

कलाभवनाची कल्पना त्या काळाच्या मानाने धाडसाची होती. हाताने काम करणाऱ्याला शास्त्र शिकवायचे, आणि तेही शक्यतो त्याच्या मातृभाषेतून. रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम, चित्रकला, शिल्प असे विषय तिथे होते. प्राचार्य होते त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर, सुरतेचे रसायनतज्ज्ञ. मुंबईत व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला १८९६ मध्ये डांबर फासले गेले, तेव्हा तो डाग काढून देणारे ते हेच गज्जर. १९०७ मध्ये सुरू झालेल्या 'अलेम्बिक' कारखान्याच्या मुळाशीही गज्जर होते, आणि त्यांच्याबरोबर आपले कोटिभास्कर व भाईलालभाई अमीन. आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांना कलाभवनाचे विशेष प्रेम वाटते ते यासाठी की, तिथे माणसाची किंमत त्याच्या हाताला काय येते यावर होत असे.

धुंडिराज फाळके या कलाभवनात चित्रकला शिकले. तैलरंग, जलरंग, मूर्तिकाम, थोडे वास्तुशास्त्र. त्यांचे चरित्रकार सांगतात की, १८९० च्या सुमारास त्यांनी एक कॅमेरा मिळवला आणि फोटो काढणे, धुणे, छापणे यांचे प्रयोग सुरू केले. तेव्हा त्यांचे वय होते वीस.

त्या काळचा कॅमेरा म्हणजे काय चीज होती हे आजच्या मुलांना सांगायला हवे. लाकडी पेटी, तिला कातडी भाता, पुढे पितळी भिंग, मागे घासलेली काच. डोक्यावर काळे फडके घेऊन त्या काचेत पाहायचे, तर समोरचा माणूस उलटा, डोके खाली आणि पाय वर. मग तिथे मसाला लावलेली काचेची प्लेट बसवायची, भिंगावरचे टोपण काढायचे, मनात आकडे मोजायचे आणि टोपण परत लावायचे. तेवढा वेळ समोरच्याने हलायचे नाही. नंतर डार्करूममध्ये तांबड्या दिव्याच्या उजेडात ती काच रसायनात धुवायची, वाळवायची, आणि कागदावर तिची प्रत काढायची. एका फोटोमागे अर्धा दिवस आणि चार आण्यांची चिंता. प्लेट बिघडली की पैसे गेले. त्यामुळे टोपण काढण्यापूर्वी माणूस दहादा विचार करी.

विलायतेत आणि अमेरिकेत मात्र तोवर जग पुढे गेले होते. जॉर्ज ईस्टमनने १८८८ मध्ये 'कोडॅक' बाजारात आणला होता. त्यात शंभर चित्रांची गुंडाळी असे. बटण दाबायचे, बाकीचे सारे कारखाना करी. म्हणजे 'आमच्याकडे जुने, तिकडे नवे' ही हौशी माणसाची रुखरुख आजची नाही.

फाळक्यांनी काय केले? त्यांनी हातातल्या पेटीतून जे जे शिकता येईल ते शिकून घेतले. १८९२ च्या अहमदाबादच्या औद्योगिक प्रदर्शनात त्यांनी एका आदर्श नाट्यगृहाची प्रतिकृती पाठवली आणि तिला सुवर्णपदक मिळाले. त्यांच्या कामावर खूश होऊन एका चाहत्याने त्यांना किमती कॅमेरा भेट दिला, असे चरित्रात येते. गज्जरांनी त्यांना रतलामला पाठवले. तिथे बाबूलाल वरूवळकर यांच्या हाताखाली ते तीनरंगी ब्लॉक, फोटो-लिथो आणि डार्करूममधली छपाई शिकले. परत आल्यावर गज्जरांनी कलाभवनाचा फोटो स्टुडिओ आणि प्रयोगशाळा त्यांना वापरायला दिली. तिथे 'फाळके एन्ग्रेव्हिंग अँड फोटो प्रिंटिंग' या नावाने त्यांनी आपले काम सुरू केले.

ब्लॉक करणे म्हणजे काय, तेही थोडक्यात सांगतो. ही स्मरणिका आज संगणकावर जुळते, पण आपल्या वडिलांच्या काळातल्या प्रत्येक स्मरणिकेतला फोटो ब्लॉकवरून छापलेला असे. फोटोतली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतची सारी छटा बारीक रेघांच्या काचेतून ठिपक्यांत मोडायची, ते ठिपके तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर उतरवायचे, आम्लाने मधला भाग कोरायचा आणि उरलेल्या ठिपक्यांना शाई लावून छापायचे. भिंग घेऊन पाहिले तर चेहऱ्याऐवजी नुसते ठिपके दिसतात. लांबून पाहिले की आजोबा. फाळक्यांनी या ठिपक्यांशी अनेक वर्षे झुंज घेतली. प्रकाशाचा मसाल्यावर काय परिणाम होतो, किती उजेडाला किती वेळ, कोणते आम्ल किती कडक, हे त्यांच्या बोटांत मुरले.

१८९५ च्या सुमारास त्यांनी गोध्र्याला जाऊन फोटो स्टुडिओ काढला. बडोद्याहून गोध्रा आज दीड-दोन तासांचे अंतर. तिथे त्यांच्यावर मोठा आघात झाला. १९०० च्या प्लेगमध्ये त्यांची पत्नी आणि मूल दोन्ही गेली. आपल्या जुन्या घरांतून प्लेगाच्या आठवणी अजून निघतात. गावाबाहेर झोपड्या बांधून राहिल्याच्या गोष्टी आमच्या आजीनेही ऐकलेल्या. फाळके पुन्हा बडोद्याला आले, धंदा मांडला, पण तो चालेना. फोटो काढला की आयुष्य कमी होते, अशी समजूत तेव्हा लोकांत होती. आज याला कोणी हसेल, पण ज्या घरांत महिन्याभरात तीन माणसे दगावत होती, तिथे काळ्या फडक्याखालच्या माणसाची भीती वाटणे अगदीच अनाकलनीय नाही.

पुढे १९०२ मध्ये त्यांचे दुसरे लग्न झाले, किर्लोस्कर नाटक मंडळीशी नाते असलेल्या करंदीकर घराण्यातील मुलीशी. लग्नानंतर तिचे नाव सरस्वतीबाई झाले. १९०३ मध्ये फाळके पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार आणि ड्राफ्ट्समन म्हणून लागले. म्हणजे काही काळ तेही आमच्यासारखे सरकारी नोकर होते! ती नोकरी त्यांनी सोडली, लोणावळ्याला छापखाना काढला, रविवर्म्याच्या चित्रांच्या शिळाछपाईचे काम केले, दादरला 'लक्ष्मी आर्ट प्रिंटिंग वर्क्स' उभारले, १९०९ मध्ये रंगीत छपाईची यंत्रे आणायला जर्मनीला जाऊन आले. भागीदारांशी पटले नाही, तेव्हा तेही सोडले.

इथे थोडे थांबून दुसऱ्या एका मराठी माणसाकडे पाहू. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजे सावेदादा, मुंबईतले व्यवसायाने छायाचित्रकार. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे दाखवली गेली, ती त्यांनी पाहिली. त्यांनी विलायतेतल्या रायली कंपनीकडून एकवीस गिनींचा कॅमेरा मागवला. त्या वेळी पौंडाचे पंधरा रुपये होत, म्हणजे ही रक्कम सुमारे तीनशे तीस रुपये. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमधली कुस्ती चित्रित केली, आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून सीनियर रँग्लर होऊन परतलेल्या परांजप्यांचे स्वागतही. फाळके गोध्र्यात काचा धूत होते तेव्हा मुंबईत हा कॅमेरा येऊन पोहोचलाही होता. म्हणजे नवे यंत्र सर्वांत आधी मिळाले म्हणून इतिहास आपोआप घडत नाही, आणि उशिरा मिळाले म्हणून संपतही नाही. सावेदादांनी समोर घडले ते टिपले, तेही मोलाचे. गोष्ट रचून ती पडद्यावर सांगण्याचे काम मात्र अजून कोणाची तरी वाट पाहत होते.

१९११ च्या ईस्टरच्या सुमारास फाळक्यांनी गिरगावातल्या 'अमेरिका इंडिया पिक्चर पॅलेस'मध्ये येशू ख्रिस्ताच्या जीवनावरचा चित्रपट पाहिला. पडद्यावर ख्रिस्त दिसत असताना त्यांच्या मनात राम आणि कृष्ण उभे राहिले, असे त्यांनीच पुढे 'नवयुग' मासिकातल्या लेखांत सांगितले आहे. त्या दिवसापासून त्यांना दुसरे काही सुचेना. एक लहानसा फिल्म कॅमेरा मिळवून ते घरी प्रयोग करू लागले. रात्ररात्र चित्रपट पाहायचे, दिवसा त्यावर खटपट करायची. इतका ताण झाला की डोळ्यांना दिसेनासे झाले. उपचारांनी दृष्टी परत आली.

मग विम्याच्या पॉलिसी गहाण टाकून त्यांनी पैसे उभे केले आणि १ फेब्रुवारी १९१२ रोजी ते लंडनला निघाले. 'बायोस्कोप' या साप्ताहिकाच्या कचेरीत ते न बोलावता गेले. संपादक कॅबर्न यांनी आधी त्यांना या फंदात पडू नका असे सांगितले, पण माणूस मागे हटत नाही हे पाहून सेसिल हेपवर्थ यांच्या स्टुडिओत नेले. फाळक्यांनी पन्नास पौंडांचा, म्हणजे साडेसातशे रुपयांचा, विल्यम्सन कॅमेरा घेतला. शिवाय फिल्मला भोके पाडायचे यंत्र आणि कोरी फिल्म. १ एप्रिलला ते मुंबईत परत आले. बडोद्यात पहिला कॅमेरा हाती आला त्याला बावीस वर्षे झाली होती. फाळके बेचाळिशीला टेकले होते. आमच्याच वयाचे.

या बावीस वर्षांत ते हात जोडून बसले असते, तर विल्यम्सन कॅमेऱ्याचे त्यांनी काय केले असते? विलायतेत ते जेमतेम दोन आठवडे होते. तेवढ्यात कोणी चित्रपट करायला शिकत नाही. फिल्म धुणे, छापणे, उजेड मोजणे हे कलाभवनात आणि रतलामला शिकून झाले होते. माणसे पडद्यासमोर कशी उभी करायची हे स्टुडिओत आणि नाटकांचे पडदे रंगवताना कळले होते. नव्या कॅमेऱ्याने फक्त त्या सगळ्याला गती दिली.

तरीही दुसरी बाजू सांगितली पाहिजे, नाहीतर 'आहे त्यात समाधान माना' असा उपदेश आम्ही करतो आहोत असे वाटेल. काचेच्या प्लेटवर चित्रपट होत नाही. काही कामे जुन्या यंत्राने होतच नाहीत, आणि त्यासाठी चांगल्या कॅमेऱ्याची इच्छा धरणे ही चैन नव्हे. फरक एवढाच की, फाळक्यांना त्या कॅमेऱ्याने काय करायचे हे घेण्यापूर्वी ठाऊक होते. परत आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि महिनाभर रोज थोडी थोडी फिल्म फिरवून रोपाची वाढ मिनिटभरात दाखवली. 'अंकुराची वाढ' या त्या छोट्या फिल्मवर विश्वास ठेवून सावकाराने पैसे दिले.

आणि ते सगळे पैसे फाळक्यांच्या एकट्याच्या खिशातून गेले नाहीत. घरातले दागिने गेले, भांडी गेली. कोरी फिल्म बिनभोकाची येई. सरस्वतीबाई रात्री अंधाऱ्या खोलीत बसून तिला यंत्राने भोके पाडत. 'राजा हरिश्चंद्र' सुमारे ३,७०० फुटांचा होता. एका फुटात सोळा चित्रे, आणि प्रत्येक चित्राला प्रत्येक बाजूस चार भोके. हिशेब केला तर एका प्रतीच्या एका बाजूला दोन लाखांहून जास्त भोके होतात. दिवसा उन्हात पांढरी चादर धरून उजेड परतवायचे कामही त्याच करत, शिवाय साऱ्या मंडळींचा स्वयंपाक. पहिल्या चित्रपटात तारामती साळुंके नावाच्या पुरुषाने केली, पण पडद्यामागची खरी तारामती कोण होती हे वाचकांनीच ठरवावे. ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन थिएटरात चित्रपट लागला. पुढचे सर्वांना ठाऊक आहे.

ज्यांना विलायतेला जाणे परवडले नाही, त्यांचीही एक गोष्ट आहे. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर या भावांनी ठरवले की कॅमेरा आपणच करायचा. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी दामल्यांना हाताशी धरून तो पुरा केला आणि त्याच कोल्हापुरी कॅमेऱ्यावर 'सैरंध्री' काढला. तो १९२० मध्ये पुण्यात लागला. चांगल्या कॅमेऱ्यापर्यंत जायचा हाही एक रस्ता.

आता पुन्हा बडोद्याकडे येऊ. आपल्या ललितकला विद्याशाखेतले चित्रकार ज्योति भट्ट यांनी १९६७ पासून कॅमेरा हाती घेऊन गावोगावच्या भिंतींवरची आणि अंगणातली चित्रे टिपली. शेणाने सारवलेली भिंत पुढच्या सणाला पुन्हा सारवली जाते, रांगोळी तर संध्याकाळपर्यंतही टिकत नाही. ती चित्रे काढणाऱ्या बायका थांबून राहणार नव्हत्या. त्यांनी जमवलेल्या त्या फोटोंमुळे आज ती कला आपल्याला पाहता तरी येते. २०१९ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

आमच्या मनातला खरा मुद्दा इथे येतो. 'राजा हरिश्चंद्र' आज पूर्ण मिळत नाही. पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात त्याचा काही भागच उरला आहे. ज्या चित्रपटासाठी एका माणसाने बावीस वर्षे हात तयार केले आणि एका बाईने लाखो भोके पाडली, तो गेला तो कॅमेरा वाईट होता म्हणून नव्हे. नीट जपला नाही म्हणून गेला. पुण्याचे संग्रहालयच १९६४ मध्ये निघाले. तोवर पन्नास वर्षे होऊन गेली होती.

दांडिया बाजार, रावपुरा, बाबाजीपुरा, वाडी इथले जुने वाडे आपण लहानपणापासून पाहतो. कोरीव लाकडी खांब, मधला चौक, माडीचा कठडा. एकेक वाडा उतरतो आणि जागी फ्लॅट येतात. त्यात कोणाचा दोष काढता येत नाही. भाऊ चार आणि खोल्या तीन असतील तर दुसरे काय करायचे? पण वाडा उतरण्यापूर्वी त्याचे चार फोटो निघायला काय हरकत आहे? त्यासाठी महागडे भिंग लागत नाही. खिशातला फोन पुरतो. फाळक्यांच्या पेटीला अर्धा दिवस लागे ते काम तो डोळ्याची पापणी लवेपर्यंत करतो.

आणि घरोघरच्या भिंतींवर, ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या फळीवर आजोबा-पणजोबांचे फोटो आहेत. पागोटे, उपरणे, मागे रंगवलेला पडदा. त्यातल्या कित्येकांच्या मागे नाव नाही. घरातल्या ऐंशी-पंच्याऐंशीच्या काकूंना ती नावे ठाऊक आहेत, आज तरी. या काकू कोणाच्या नव्या मॉडेलसाठी थांबणार नाहीत.

तेव्हा मंडळाच्या तरुणांना आमचे सांगणे एवढेच. नवा कॅमेरा जरूर घ्या, घेतला की आम्हालाही दाखवा. पण तोवर ज्याच्या घरी जुना फोटो आहे त्याने त्याच्या मागे पेन्सिलीने नाव, गाव आणि साल लिहावे. शाईने लिहू नये, ती पुढे उमटते. आपल्या पोळीतला वाडा उतरणार असे कानावर आले की त्या आठवड्यातच जाऊन त्याचे फोटो काढावेत. विसर्जनानंतरच्या पहिल्या रविवारी हे फोटो आणि नावे मंडळाच्या कार्यालयात जमा करायची व्यवस्था केली आहे. मूळ फोटो प्रत काढून तिथल्या तिथे परत मिळेल. येताना घरातल्या मोठ्या माणसांना बरोबर आणावे, म्हणजे चेहऱ्यांची ओळख पटवायला सोपे जाईल. चहाची सोय मंडळ करील.